डॅनियलची चित्रं म्हणजे फोटो नव्हेत

इतिहासाच्या ग्रुपांवर अठराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम यांच्या चित्रांखाली एक मजकूर सारखा फिरतो. 'कॅमेऱ्याआधीचा खरा हिंदुस्थान! यंत्र लावून काढलेली चित्रं, चूक शून्य. केवढा मोकळा, शांत मुलूख होता! आणि हे साहेबांनी टिपलं, आपल्याकडे कुणाला सुचलंही नाही.' चित्रं मलाही आवडतात. मजकूर मात्र टिकत नाही.

आधी यंत्राचं. डॅनियल कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरत, हे खरं. पण त्या पेटीतून कागदावर नुसतं प्रतिबिंब पडतं, त्याच्या रेषा हातानेच गिरवायच्या. पुढे झाड कुठे घ्यायचं, माणसं किती, हे चित्रकारच ठरवणार. शिवाय 'ओरिएंटल सीनरी' या त्यांच्या छापील संचाची १४४ चित्रं १७९५ ते १८०८ दरम्यान निघाली, म्हणजे काका-पुतणे इंग्लंडला परतल्यावर.

आणि थॉमसचं ते प्रसिद्ध दरबारचित्र? सवाई माधवरावांच्या दरबारात इंग्रजांचा पुण्यातला वकील चार्ल्स मॅलेट टिपूविरुद्धचा तह करतोय, असा प्रसंग. तह पुण्यात झाला १७९० मध्ये, चित्र पुरं झालं १८०५ मध्ये. थॉमसने ते जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखाटनांवरून रचलं, आणि वेल्स मुंबईत उतरला तोच मुळी १७९१ मध्ये. तहाच्या दिवशी दोघांपैकी एकही तिथे नव्हता! वेल्सने पुण्यातली बडी मंडळी समोर बसवून रंगवली होती, त्यामुळे चेहऱ्यांना मोल आहे. पण कोण कुठे बसलं होतं याचा पुरावा म्हणून हे चित्र पुढे करू नये.

मोकळ्या मुलखाचं उत्तर डॅनियलच देतो. १७८६ ते १७८८ मधली त्याची कलकत्त्याची चित्रं पाहा : पालख्या, शिपाई, रस्त्यावर वर्दळ. निसर्गचित्राचा इंग्लंडमधला साचा मात्र ठरलेला होता. कडेला डेरेदार झाड, मागे पडकी वास्तू, मापाला दोन-तीन माणसं. ओसाडपणा बराचसा त्या साच्यातला.

राहिलं 'आपल्याकडे कुणाला सुचलं नाही'. पुण्याचा गंगाराम तांबट कुठे गेला मग? १७९० मध्ये त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा चितारला. पर्वती काढली. मॅलेटसाठी वेरूळची लेणी रेखाटली, वेल्सबरोबरही काम केलं. डॅनियल वेरूळला कधी गेलाच नाही. १८०३ ची त्याची वेरूळची २४ चित्रं वेल्सच्या रेखाटनांवरून कोरलेली आहेत. वेल्स १७९५ मध्येच वारला होता. त्या संचाच्या शीर्षकपानावर वेल्स आहे, डॅनियल आहे, गंगाराम नाही.

गंगारामची बरीच कामं आता अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहात आहेत. पुढचा फॉरवर्ड करण्याआधी तो गेंडा एकदा शोधून बघा.