धोका कशामागे मोजलाय?

खेळांमधल्या धोक्यांवरच्या तुमच्या लेखातल्या तक्त्यात धोक्याच्या क्रमाने स्कायडायव्हिंग (विमानातून पॅराशूट घेऊन मारलेली उडी) सर्वात वर आणि पोहणं तळाशी आहे, म्हणून लिहितोय. स्कायडायव्हिंगचा धोका दर उडीमागे, गिर्यारोहणाचा दर मोहिमेमागे आणि पोहण्याचा दर वर्षामागे मोजलाय. मग तुलना कसली? अमेरिकेत २०२३ मध्ये सुमारे ३६ लाख उड्यांमागे १० मृत्यू झाले. उडी मारणाऱ्याकडे राखीव पॅराशूट असतं, शुद्ध हरपली तर ठरावीक उंचीवर ते आपोआप उघडणारं यंत्रही असतं. उलट जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार वर्षाला जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून मरतात. सगळी काही हौसेने पोहायला गेलेली नसतात, मान्य. तरी पाण्याला ‘सुरक्षित’ म्हणणं मला अजिबात पटत नाही.

बुडणारा माणूस बहुधा ओरडतही नाही. मान मागे, तोंड जेमतेम पाण्याच्या पातळीवर, हात दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबत असतात. काठावरच्यांना वाटतं, खेळतोय. मिनिटाभरात तो दिसेनासा होतो. पोहण्यापुढे तुम्ही ‘लहान मुलांसाठी योग्य’ अशी खूण केलीये. तिथे निदान ‘मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं’ एवढं तरी आजच्या आज जोडा.