अस्सल खान्देशी पात्र : साहित्य आणि कृती

एकांकिकेची प्रवेशिका परवा द्यायची आहे, संहितेत ‘गावाकडचा एक माणूस’ हवा आहे आणि यंदा तो खान्देशी असला तर बरं, असं कुणीतरी सुचवलं आहे. घाबरू नका. त्यासाठी जळगाव, धुळे, नंदुरबार असे तीन जिल्हे पालथे घालायची गरज नाही. घरात पावशेर जाड शेव असली तरी निम्मं पात्र तयार आहे.

आधी नाव. आडनाव ‘पाटील’ ठेवा आणि विषय संपवा. खान्देशात एकेका गल्लीत इतके पाटील असतात की गाव त्यांना आडनावानं ओळखतच नाही. कुणी ‘विहिरीवाले’, कुणी ‘रेल्वेवाले’, कुणी कधीकाळी विकलेल्या ट्रॅक्टरच्या नावानं ओळखला जातो. असलं टोपणनाव चुकूनही वापरू नका. ते आलं की त्यामागची गोष्ट येते, पात्राला मागचं आयुष्य चिकटतं, आणि मग तालमीत नट विचारतो की मी ट्रॅक्टर का विकला. भारंबे, फेगडे म्हटलं की यावल-रावेरकडचं लेवा समाजाचं घर आणि वळवी, पाडवी म्हटलं की नंदुरबारकडचा माणूस, हे तिकडच्या प्रेक्षकाला आडनावातच कळतं. म्हणून नंदुरबारकडच्याच धडगावच्या पाड्यावर एखादा फेगडे खुशाल वसवा. परीक्षक तर लांबूनच आलेले असतात.

आता भाषा. ही तर फारच सोपी. संवाद आधी नेहमीच्या मराठीत लिहून काढा. मग ‘मला’चं ‘मले’ आणि ‘तुला’चं ‘तुले’ करा, प्रत्येक तिसऱ्या वाक्यात एक ‘व माय’ टाका, आणि झाली अहिराणी. ‘मले-तुले’ वऱ्हाडातही चालतं, तेव्हा तुमचं पात्र धुळ्याचं की अकोल्याचं हे कुणालाच कळणार नाही. एका कष्टात दोन विभाग! अहिराणीची खरी ओळख ‘मना’, ‘तुना’त असते, ‘घरात’ऐवजी ‘घरमा’ म्हणण्यात असते, ‘काय करतो आहेस’ऐवजी ‘काय करी राहिना’त असते, ‘आहे’च्या जागी येणाऱ्या ‘शे’त असते. पण एवढं शिकायचं तर साक्री-शिंदखेड्याकडच्या एखाद्या आजीसमोर दोन दुपारी गप्प बसावं लागेल, आणि गप्प बसणं लेखकाच्या प्रकृतीला मानवत नाही. शिवाय रावेर-यावलकडची लेवा बोली वेगळी, जामनेरकडची तावडी वेगळी, सातपुड्यातली पावरी तर आणखीच वेगळी. या सगळ्यांना एका पातेल्यात घालून ‘खान्देशी’ म्हणा. भरीत असंच करतात, असा तुमचा समज असेल तर तोही राहू द्या.

आणि पात्राला पहिल्या प्रवेशापासून पडदा पडेपर्यंत एकाच बोलीत बोलू द्या. खरा माणूस असं करत नाही. तो घरात अहिराणी बोलतो, बँकेच्या खिडकीपाशी पुस्तकी मराठी काढतो, केळीची गाडी भरायला आलेल्या दिल्लीकडच्या व्यापाऱ्याशी हिंदी जुळवतो. बँकेत बोलता बोलता साहेबांनी फाइल बंद केली की त्याची मराठी मध्येच सुटते आणि तोंडातून ‘मना’ निघून जातं. नाटक नेमकं तिथं असतं. म्हणून ती जागा टाळा. एकदा ती लिहिली की पुढची दोन पानं भाषण घालायला जागाच उरत नाही.

खाण्याचं मात्र मोकळ्या हातानं घाला. दर प्रवेशात शेवभाजी. लग्नात शेवभाजी, भावकीच्या भांडणात शेवभाजी, मयताच्या तिसऱ्या दिवशीही शेवभाजी. नटानं ती रंगमंचावर खरोखर खावी, असा आग्रह धरा. शेव रश्श्यात फुगते, दाढांना चिकटते, आणि नेमकं ‘बाप’ म्हणायच्या वेळी ‘प’ फुटत नाही. भाकरीचा कोरडा तुकडा घशात अडकला की पुढच्या ओळीला ठसका लागतो. प्रेक्षक त्याला दाटून आलेला कंठ समजतात, हा वरकड फायदा. जुने नट नखाएवढा घास घेतात, तो गालात सरकवतात आणि चावण्याचा अभिनय रिकाम्या दाढेनं करतात. तुम्ही नवे आहात, पूर्ण घास घ्या.

बाईचं पात्र असेल तर तिला मांडे करायला बसवा. हाती पोळपाट-लाटणं आणि तवा द्या. मांडा थोडा लाटून मग दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मोठा करतात आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकतात, हे खान्देशातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. म्हणून तर ते दाखवण्यात काही नावीन्य नाही.

रंगभूषा आणि वेशभूषेला मात्र हात आखडू नका. नाट्यशास्त्रानं अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य, म्हणजे वेश-रंगभूषेचा. पैकी दिवसाच्या भाड्यानं मिळतो तो फक्त आहार्य, त्यामुळे सगळी भिस्त त्याच्यावर. शेतकऱ्याच्या तोंडाला पॅनकेकचा गडद रंग हनुवटीपर्यंत फासा आणि तिथंच थांबा. मान, कान आणि हाताचे पंजे नटाचे स्वतःचे राहू द्या. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात टोपी किंवा रुमाल बांधून राबणाऱ्या माणसाचा चेहरा रापतो, पण कपाळाचा वरचा पट्टा टोपीखाली फिका राहतो. टोपी काढली की ती रेघ दिसते. ही रेघ काढायला रंगभूषाकाराला दोन मिनिटं लागतात आणि माणूस त्या दोन मिनिटांत निम्मा उभा राहतो. तेवढा वेळ कुणाकडे आहे?

केळीच्या बागेतला मजूर दाखवायचा असेल तर त्याला शुभ्र, कडक इस्त्रीचे कपडे घाला. केळीचा घड कापला की दांड्यातून चीक गळतो, कपड्यावर पडतो, वाळून तपकिरी-काळा होतो आणि कितीही धुतला तरी जात नाही. त्यामुळे बागेतल्या माणसाचा जुना सदरा खांद्यापाशी नकाशासारखा दिसतो, कारण वीस-पंचवीस किलोचा घड तिथंच टेकतो. पण असा सदरा भाड्याच्या दुकानात मिळत नाही. मजुराकडून मागून आणावा लागतो, आणि मागायला गेलं की तो चहा पाजतो, बसवून घेतो, कांदेबाग आणि मृगबाग या केळीच्या दोन हंगामांतला फरक समजावतो. वेळ जातो. कापूस वेचणारी बाई असेल तर तिच्या हाताला मेंदी काढा. वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटांच्या कडा ओरखडलेल्या असतात, पण तिसऱ्या रांगेतून ते कुणाला दिसतंय? (दिसत नाही, खरं आहे. पण ती बाई भाकरीचा तुकडा मोडताना बोटांच्या टोकांऐवजी पेरांनी मोडते, ते शेवटच्या रांगेतूनही दिसतं.)

नंदुरबारचा आदिवासी घ्यायचा म्हणाल तर त्याला मोरपिसांचा उंच टोप घाला. काठी गावच्या राजवाडी होळीत नवस केलेली माणसं असा टोप घालतात, तेही होळीच्या दिवसांत. तुमचं पात्र तो घालून आधार कार्ड दुरुस्त करायला जाईल, एसटीची वाट पाहील, पोराच्या आश्रमशाळेत सही करायला जाईल. त्याला संवाद तीनच द्या. तिन्ही निसर्गाविषयी.

आता कथानकाकडे येऊ. पात्र शेतकरी आहे म्हणजे कर्ज आलंच आणि शेवटी दोर आलाच. दोरावर लाल प्रकाश, मागं बासरी, परीक्षक डोळे पुसतील. मात्र कर्ज किती, कुणाचं, कधी फेडायचं, हे विचारायच्या भानगडीत पडू नका. विचारलंत तर पुढचं सगळं तुमच्या गळ्यात पडेल :

विकास सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चपर्यंत भरलं तर व्याजाची सवलत मिळते. ३ लाखांपर्यंत वेळेत फेडणाऱ्याला व्याजच पडत नाही. म्हणून मार्च संपता संपता गावोगाव ‘नवं-जुनं’ चालतं. कुठून तरी पैसे उचलून जुनं कर्ज भरायचं आणि काही दिवसांत नवं मंजूर झालं की उचललेले परत करायचे. समजा, भरायचे आहेत १,६०,००० आणि हातात आहेत ४०,०००. उरलेल्या १,२०,०००ला सावकार महिना शेकडा ३ रुपये लावतो. पैसे हवेत फक्त आठ दिवस, पण व्याज पूर्ण महिन्याचं, म्हणजे ३,६००. इकडे मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस रचलेला आहे, भाव वाढेल या आशेवर. त्या कापसातल्या किड्यांनी पोरांच्या अंगाला खाज सुटली आहे आणि बायको रोज म्हणते आहे, इकी टाका. आज कापूस विकला तर सावकार टळतो, पण चार महिने धरलेला हट्ट हरतो, तोही बायकोसमोर. माणूस शेवटी मेहुण्याकडे जातो. पाऊण तास बसतो. म्हशीची चौकशी करतो, सासूच्या गुडघ्यांची करतो, रात्रीच्या लाइटीला आणि मोटारीच्या स्टार्टरला शिव्या घालतो. पैशाचं काढत नाही. मेहुण्याला तो का आलाय ते पहिल्या मिनिटालाच कळलेलं असतं, म्हणून तो आपल्या मोटारीच्या खर्चाचं रडगाणं सुरू करतो.

बघा, फसलात ना? इथं दोर नाही, बासरी नाही, कुणी मेलंही नाही, आणि तरी दोन्ही नटांना पाऊण तास खुर्चीवरून हलता येत नाही. असली पात्रं लेखकाचं ऐकत नाहीत. त्यापेक्षा भावानं भावाला असं म्हणावं : ‘दादा, तुला माहीतच आहे, आपले वडील तीन वर्षांपूर्वी वारले आणि सहा एकर जमीन आपल्या दोघांच्या नावावर झाली.’ सख्ख्या भावाला माहीत असलेली गोष्ट माणूस एकाच वेळी पुन्हा सांगतो : चारचौघांत भांडताना. पण भांडण लिहायचं तर दोघांचीही बाजू खरी असावी लागते. ते राहू द्या.

सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, पात्र असलं तर त्याला दिवाळीत काम सोडायला लावा. खान्देशात सालदारकीचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं आणि त्याच सुमाराला नवं ठरतं. त्याच सणाला पोरी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, गौराईची गाणी चालू असतात आणि पुरुषांचे पत्त्यांचे डाव रंगलेले असतात. मालक डाव हरलेला असताना त्याच्यासमोर पुढच्या वर्षाचा आकडा बोलायची पाळी सालदारावर येते. असा आयता प्रसंग कॅलेंडरनं तयार ठेवलेला असताना तुम्ही दिवाळीच निवडा. पणत्या छान दिसतात.

आता नटासाठी थोडं. म्हातारा करायचा तर कमरेतून काटकोनात वाका, हात थरथरवा, दर वाक्याला खोका आणि डोक्यात भरपूर टाल्कम पावडर घाला. मान हलली की ती खांद्यावर पडते आणि दिव्याच्या झोतात धूर निघाल्यासारखी दिसते. शेतावर आयुष्य गेलेला म्हातारा चालायला लागला की बरा चालतो. अवघड असतं ते उठणं आणि बसणं. बसण्याआधी तो हातानं जागा चाचपतो, उठताना तळवा गुडघ्यावर रोवतो आणि मागून हाक आली तर नुसती मान न वळवता अख्खं धड वळवतो. हे तीनच बारकावे आहेत, पण ते दाखवले तर खोकायला सवड मिळत नाही.

दारुडा असेल तर झोकांड्या खा. दारू प्यालेला माणूस आपण सरळ चालतोय हे दाखवायला जिवाचं रान करतो, उंबरठा जरुरीपेक्षा उंच पाय उचलून ओलांडतो. पण त्याला टाळ्या नाहीत.

आवाजाची खुबी शेवटी सांगतो, कारण ती नेमकी शेवटाचीच आहे. वाक्य जोरात सुरू करा आणि पुढं पुढं आवाज पडू द्या. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार तर त्याहून शेवटी. ‘मी सोसायटीचे पैसे खाल्ले नाहीत’ म्हणताना ‘नाहीत’ घशात गेलं की मागच्या रांगांना तुमचा नायक कबुलीजबाब देताना ऐकू येतो. पुढचा अर्धा तास निम्मं सभागृह एक नाटक बघतं, निम्मं दुसरं. एका तिकिटात दोन.

आणि ‘या माणसाच्या जागी मी असतो तर?’ हा प्रश्न तर टाळाच. मॉस्को आर्ट थिएटरच्या संस्थापकांपैकी एक, रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की, नटाला असला ‘जर’ विचारायला लावायचा. ते थिएटर निघालं १८९८ साली, तेव्हा ना आपल्या स्पर्धा होत्या ना आपले करंडक. आपला ‘जर’ एवढाच : बक्षीस मिळालं तर.

प्रयोग झाल्यावर रंगपटात एखादा साठीचा माणूस येईल, खांद्यावर रुमाल, मागं बाहेरच थांबलेला नातू. तो भाषेबद्दल काहीच म्हणणार नाही. ‘चांगलं जमाडं भाऊ’ एवढं म्हणेल आणि पाणी मागेल. पेला ओठांना न लावता वरून धार धरेल, उरलेल्या दोन घोटांनी हात धुईल, पेला जिथून उचलला तिथंच उपडा ठेवेल. तुम्ही त्याच्याकडे बघत बसू नका. तिकडे ग्रुप फोटोसाठी तुम्हाला बोलावताहेत.