‘मूनस्टोन’मधला चोर कोण, ते आधी वाचा तरी

काल रात्री भाचीने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, मग पुस्तक अर्धवटच सोडू का?’ विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ तिला मीच दिली होती. फॉरवर्ड म्हणतो: ही नाव बदललेली कोहिनूरची गोष्ट, तीत भारतीय ब्राह्मण हिरा चोरतात आणि गोरा डिटेक्टिव्ह त्यांना पकडतो, जगातली ही पहिली डिटेक्टिव्ह कादंबरी, सबब, बहिष्कार टाका. (शेवट कळायला नको असेल त्यांनी इथेच थांबावं.)

चोरीचं आधी. हे लिहिणाऱ्याने पहिली चार पानंही उलटलेली नाहीत. कादंबरी सुरूच होते ४ मे १७९९ला, श्रीरंगपट्टण पडलं त्या दिवशी. टिपूच्या शस्त्रागाराच्या दारात दोन हिंदी माणसं मरून पडलीत. आत हर्नकॅसल हा इंग्रज अधिकारी उभा, एका हातात मशाल, दुसऱ्यात रक्ताळलेला खंजीर, खंजिराच्या मुठीत जडवलेला हिरा. तिसरा माणूस त्याच्या पायाशी शेवटचे श्वास घेतोय. आणि हे सांगतो कोण, तर त्याचाच चुलतभाऊ! लूट कोणी केली, यात शंकेला जागा आहे?

पुढे १८४८मध्ये यॉर्कशरच्या एका घरातून तोच हिरा नाहीसा होतो. संशय अर्थातच दारात खेळ करून गेलेल्या तीन हिंदी जादूगारांवर. त्यांना कोठडीतही टाकतात. फॉरवर्डवाला बहुधा इथेच झोपला. प्रत्यक्षात हिरा उचलतो घरातला तरुण, नकळत पाजलेल्या अफूच्या अंमलात. दाराच्या ओल्या रंगाचा डाग त्याच्याच नाइटगाऊनवर सापडतो. आणि हिरा घशात घालतो धर्मादाय सभांतून मिरवणारा गॉडफ्री. फॉरवर्डमधला तो गोरा डिटेक्टिव्ह, सार्जंट कफ, त्या तिघांना पकडत तर नाहीच, उलट घरच्या मुलीवर संशय घेऊन साफ चुकतो.

हो, ते तिघे गॉडफ्रीचा जीव घेतात, ते झाकण्यात अर्थ नाही. पण जादूगारांच्या वेषातले, हिऱ्यासाठी समुद्र ओलांडून आपली जात गमावलेले हे ब्राह्मण शेवटी सोमनाथजवळ एकमेकांना मिठी मारून तीन दिशांना निघून जातात, पुन्हा कधीच न भेटण्यासाठी. हिरा चंद्रदेवाच्या कपाळी परत. सत्तावन्नला जेमतेम अकरा वर्षं झाली असताना एका इंग्रजाने हा शेवट लिहिला, आणि आपण बहिष्कार टाकायचा!

कोहिनूरचं अर्धं खरं, नाइलाजाने मान्य. प्रस्तावनेत कॉलिन्स स्वतःच सांगतो की काही धागे दोन हिऱ्यांच्या कथांतून घेतलेत: एक कोहिनूर, दुसरा रशियाच्या राजदंडातला. पण कादंबरीतला हिरा पिवळा, टिपूकडून लुटलेला. कोहिनूर इंग्रजांनी १८४९मध्ये लाहोरात दुलीपसिंगाकडून घेतला.

राहिली ‘जगातली पहिली’. ही १८६८ची; फ्रान्समध्ये गाबोरियोची ‘लरूज प्रकरण’ १८६६लाच आली होती. इंग्रजीतल्या पहिल्या काहींपैकी एक म्हणा, भांडण मिटलं.

भाचीने सोडलं नाही. सकाळी मेसेज आला: ‘चोरी राहिली बाजूला, हा सार्जंट कफ गुलाबांवरून माळ्याशी का भांडतोय?’