स्टार बघून शेंगोळी मिळत नाहीत

'प्रवासात चार स्टार रेटिंगच्या खालच्या हॉटेलात जेवायला बसूच नका' असं एका लेखात वाचलं, ते काही पटलं नाही बुवा. आम्हीपण पुणे-सोलापूर करताना असंच रेटिंग बघत जायचो आणि मग हायवेवर तेच पनीर बटर मसाला नि तंदुरी रोटी, जे कोथरूडात घराखाली मिळतं. गेल्या थंडीत टेंभुर्णीच्या पुढे गाडी पंक्चर झाली, शेजारी एक पत्र्याची शेड, ना बोर्ड ना मेनू. मावशी म्हणाल्या घरच्यांसाठी शेंगोळी टाकलीत, चालतील का. हुलग्याच्या पिठात लसूण-मिरचीचं वाटण घालून घट्ट मळायचं, तळहातावर करंगळीएवढ्या वळ्या करून उकळत्या पाण्यात सोडायच्या, पिठानेच रस्सा दाट होतो, वरून कच्चं तेल आणि कुस्करायला ज्वारीची कडक भाकरी. नाकातून पाणी येईपर्यंत खाल्लं, नवरा तर स्टेपनी विसरला!

आता ही मातकट रंगाची वाटी फोटोत काय दिसणार, तिला स्टार देणार कोण? रेटिंग मी बघते, पण संडास स्वच्छ आहे का एवढ्यापुरतं. जेवायला बसल्यावर मेनूकार्ड बाजूला सारून 'आज घरात काय केलंय' एवढंच विचारते, कधी पिठलं निघतं, कधी नुसतीच शेंगाचटणी नि दही.