माझी गोळी, दादाची गोळी

आमच्या घरात डोक्याच्या गोळ्या खाल्लेले दोघं. ‘डोक्याच्या गोळ्या’ हा आईचा शब्द. मला तो ‘मानसोपचारातील औषधयोजना’ वगैरेपेक्षा बरा वाटतो, कारण त्यात निदान आपण काहीतरी गिळतोय हे लक्षात राहतं. दादा एकोणीस वर्षं लिथियमवर आहे, मधले चार महिने वगळता. मी अडीच वर्षं सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध घेतलं आणि सोडलं. दादाने सोडलं तेव्हा काय झालं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मी सोडलं आणि ठीक आहे. त्यामुळे या विषयावर कुठेही वाद पेटला की दोन्हीकडचे लोक मला साक्षीला ओढतात. एकजण म्हणतो, "सांग ना, तुझा भाऊ गोळ्यांमुळेच सावरला ना?" दुसरा म्हणतो, "तूच सांग, गोळ्या सोडून तुझं काय अडलं?" दोघांनाही माझी अर्धीच साक्ष हवी असते.

आज पूर्ण देते. लांबेल जरा. दादाला विचारून लिहिते आहे आणि त्याने हे आधी वाचलंय. त्याचं काय म्हणणं पडलं ते शेवटी.

दादाचा पहिला चढ आला तेव्हा खरं सांगायचं तर आम्हाला तो आवडला होता. एरवी घुमा असणारा मुलगा भरभरून बोलायला लागला, विनोद करायला लागला. चार रात्री झोपला नाही तरी ताजातवाना. वहीच्या वह्या भरून योजना लिहिल्या, नोकरीचा राजीनामा दिला, साठवलेले पैसे ओळखीपाळखीच्यांना वाटून टाकले. आठव्या-नवव्या दिवशी त्याचे डोळे बघून आम्हाला भीती वाटायला लागली. ॲडमिट करावं लागलं. बायपोलर, म्हणजे मनाचे टोकाचे चढ-उतार, असं निदान झालं आणि लिथियम सुरू झालं.

लिथियम हे काही प्रयोगशाळेत घडवलेलं अद्भुत रसायन नव्हे, साधा क्षार आहे. जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने उन्मादाच्या, म्हणजे अशाच चढाच्या, दहा रुग्णांना तो देऊन पाहिला आणि १९४९ मध्ये निष्कर्ष छापले. त्यातला पहिला रुग्ण कित्येक वर्षं इस्पितळात खितपत पडलेला होता. लिथियमवर तो इतका सुधारला की घरी गेला, कामाला लागला. आणि पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, लिथियमच्याच विषबाधेने वारला. रक्तातलं लिथियम मोजत मोजत डोस ठरवायची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. हा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. गोळीवाले त्याची पहिली अर्धी गोष्ट सांगतील, गोळीविरोधक दुसरी. माणूस मात्र एकच होता. (जाता जाता: त्याच १९४९ सालचं वैद्यकाचं नोबेल मेंदूतल्या जोडण्या कापणाऱ्या शस्त्रक्रियेबद्दल इगाश मोनिश यांना मिळालं होतं. गोळ्यांना नावं ठेवताना गोळ्यांच्या आधी काय चालायचं हेही आठवावं.)

तर दादाची ‘लेव्हल’, म्हणजे रक्तातल्या लिथियमची पातळी. आमच्या घरात हा शब्द हवापाण्यासारखा वापरला जातो. लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिमोल. याच्या खाली फारसा उपयोग नाही, आणि दीडच्या वर गेलं की विषबाधेची भीती. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं तरी लेव्हल चढते. आयबुप्रोफेनसारखी साधी दुखण्यावरची गोळी घेतली तरी चढते. ठरावीक महिन्यांनी रक्त द्यायचं, किडनी बघायची, थायरॉइड बघायचं. दादाचं थायरॉइड लिथियमने मंदावलंय, त्याची वेगळी गोळी आहे. तहान सतत. आणि हाताला कंप. शाळेत अक्षरासाठी बक्षीस मिळवणारा मुलगा तो. आता सही करतानाही डाव्या हाताने उजवं मनगट धरतो.

सहाव्या वर्षी त्याने मनाने गोळी सोडली. कारण अगदी साधं होतं. तो बरा होता. बरं असलेल्या माणसाने रोज औषध का घ्यायचं, हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा झोप उडाली. लिथियम एकदम तोडलं की चढ लवकर उलटून येतो हे डॉक्टरांना ठाऊक असतं, आम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं. या वेळी तो दवाखान्यात यायला तयार नव्हता, आपल्याला काही झालंय हेच त्याला मान्य नव्हतं. मग आम्ही जे केलं ते लिहिताना आजही हात थांबतो. ओलान्झापिन या चढ उतरवणाऱ्या औषधाची तोंडात विरघळणारी गोळी मिळते, ती आईने त्याच्या जेवणात मिसळली. दहा-बारा दिवस. तो शांत झाला, दवाखान्यात आला, वाचला असंच म्हणेन. नंतर त्याला कळलं. पुढे जवळजवळ वर्षभर तो आम्ही वाढलेलं खात नव्हता. स्वतःचं स्वतः करून घ्यायचा आणि खोलीत जाऊन जेवायचा.

त्या दहा दिवसांबद्दल मला अजून ठाम मत बनवता आलेलं नाही. ज्यांना येतं त्यांच्या घरात असे दहा दिवस आले नसावेत.

आता माझं. माझं नैराश्य दादासारखं गाजावाजा करत आलं नाही. मी नुसती बंद होत गेले. आंघोळ ही मोठी मोहीम वाटायची. डॉक्टर म्हणाले, "मेंदूत सेरोटोनिन कमी पडलंय. मधुमेह्याला इन्शुलिन लागतं ना, तसंच समजा." मला इतकं हायसं वाटलं! म्हणजे मी आळशी नाही, वाईट आई नाही, माझ्यात फक्त एक रसायन कमी आहे.

ही गोष्ट सांगतात तशी नाही हे मला फार उशिरा कळलं. जोआना मॉनक्रीफ या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, आणि सेरोटोनिन कमी झाल्याने नैराश्य येतं याला सातत्याने पुरावा सापडत नाही असं मांडलं. त्यावर बरेच मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, यात नवीन काय, इतकं सोपं समीकरण आम्ही कधीच मानत नव्हतो. बरं. मग मला का सांगितलंत? ‘ही गोळी काहींना उपयोगी पडते, नेमकी कशी ते अजून पक्कं माहीत नाही’ हे ऐकायची माझी तयारी होती. इन्शुलिनची उपमा देऊन मला धीर दिला खरा, पण त्यासोबत एक न बोललेलं वाक्यही पदरात टाकलं: इन्शुलिन कोणी सोडतं का?

पण विरोधक इथून जी उडी मारतात तीही मला पटत नाही. सेरोटोनिनची गोष्ट खोटी, म्हणून गोळीही खोटी? दादाच्या शरीरात लिथियमची कमतरता होती म्हणून ते त्याला लागू पडलं असं तर कोणीच म्हणत नाही. गोळी लागू पडते का हा प्रश्न माणसांवर तपासून सोडवायचा असतो, आणि तो तपासलेला आहे. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यात २१ नैराश्यविरोधी औषधांच्या ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण होते. सगळी औषधं आत औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली. किती सरस? सरासरीने थोडीच. हे ‘थोडीच’ एक बाजू गिळून टाकते आणि ‘सरस’ दुसरी.

कंपन्यांवरचा संशयही हवेतला नाही. २००८ मध्ये एरिक टर्नर यांनी अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदलेल्या ७४ चाचण्या छापून आलेल्या निबंधांशी ताडून पाहिल्या. नियामकाने ३८ चाचण्या अनुकूल ठरवल्या होत्या, त्यातल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच गेल्या नाहीत आणि ११ जणू औषध लागू पडलं अशा थाटात छापल्या. प्रतिकूल निकाल प्रतिकूल म्हणून फक्त तीन छापले गेले. हे वाचल्यावर कोणी ‘विज्ञानावर विश्वास ठेवा’ म्हणून दटावलं की मला चिडायला होतं. विश्वास ठेवतेच आहे, म्हणून तर हिशोब मागते.

मला गोळीने काय दिलं? पाचव्या आठवड्यात एका सकाळी मी काही न ठरवता आंघोळ करून बाहेर आले आणि मग लक्षात आलं की आज मोहीम काढावी लागली नाही. पण त्याच काळात मी काउन्सेलरकडे जायला लागले होते, बहीण येऊन राहिली होती, झोप सुधारली होती. कशाचा वाटा किती, मला सांगता येत नाही. चाचण्या सरासरी सांगतात. माझी दुसरी प्रत, जिने गोळी घेतली नाही, ती कुठे उपलब्ध आहे?

आणि गोळीने काय घेतलं? आजी गेली तेव्हा मला रडू आलं नाही. दुःख होतंय हे माहीत होतं, पण ते शेजारच्या खोलीत कोणाला तरी होत असल्यासारखं. (दुसरीही एक गोष्ट जाते, जी नवरा-बायकोतही धड बोलली जात नाही आणि डॉक्टर विचारत नाहीत. या गोळ्यांवर ती बऱ्याच जणांची जाते. विचारा तुमच्या डॉक्टरांना, लाजू नका.) आजी गेल्यावर दहा-पंधरा दिवसांनी मी ठरवलं, पुरे.

"या गोळ्यांची सवय लागत नाही," असं मला सांगितलं होतं. व्यसन या अर्थाने ते खरंच आहे. मला कधी जास्त घ्यावीशी वाटली नाही. पण शरीर रुळतं, त्याचं काय? मी पन्नास मिलिग्रॅमच्या गोळीवरून थेट शून्यावर आले. तिसऱ्या दिवशी डोळे इकडून तिकडे फिरवले की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. गरगर, घाम, विचित्र स्वप्नं, आणि क्षुल्लक कारणावरून हमसून हमसून रडणं. घरचे म्हणाले, बघ, आजार परत आला. मलाही तेच वाटलं. गोळी पुन्हा सुरू केली तर दोन दिवसांत सगळं गायब. आजार असा दोन दिवसांत जात नाही. तो गोळी तुटल्याचा त्रास होता, आणि तो ओळखणारं आमच्याभोवती कोणी नव्हतं.

हा त्रास किती जणांना होतो यावरही एकमत नाही. २०१९ च्या एका आढाव्यात निम्म्याहून जास्त लोकांना होतो असं आलं. २०२४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दिखाऊ गोळी सोडणाऱ्यांनाही होणारा त्रास वजा केला, तेव्हा आकडा सहा-सात जणांत एक इतका खाली आला. मी त्या सहा-सातांतली एक. आकडा लहान आहे म्हणून माझ्या डोक्यातली वीज लहान झाली नाही.

पुढे दुसऱ्या डॉक्टर भेटल्या. त्यांनी आठ महिने लावले. त्यांनी समजावलं की पन्नासवरून पंचविसावर येणं ही त्यातल्या त्यात सोपी पायरी. गोळीचा मेंदूवरचा परिणाम डोसाच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, अगदी लहान डोससुद्धा बरंच काम करत असतो. त्यामुळे शेवटच्या एवढ्याशा तुकड्यावरून शून्यावर येताना सगळ्यात उंच पायरी लागते. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये हेच सविस्तर मांडलं, आणि होरोविट्झ स्वतः या गोळ्या सोडताना पोळलेले डॉक्टर आहेत. शेवटचे दोन महिने मी गोळीचे असे कण घेत होते की ते हातावर दिसायचे नाहीत.

माझा खरा राग इथे आहे. गोळी देण्याचा नाही, गोळी नाकारण्याचाही नाही. सुरू करताना पाच मिनिटं, आणि ‘ही किती दिवस, कधी फेरविचार करायचा, सोडायची वेळ आली तर कशी’ यावर एक अक्षर नाही, याचा. दादाला ते सांगितलं असतं तर कदाचित त्याने मनाने न सोडता विचारून सोडली असती, आणि आईला ते दहा दिवस करावे लागले नसते.

‘गोळ्या फेका, मन खंबीर करा’ म्हणणाऱ्यांवर मी शब्द वाया घालवत नाही. माझ्या भावासमोर येऊन म्हणून दाखवा.

पण ‘आयुष्यभर घ्या, प्रश्न विचारू नका’ हेही कोणी ठासून सांगू नये. स्किझोफ्रेनियाचंच बघा. २०१२ चा मोठा आढावा सांगतो की वर्षभरात औषध चालू असलेल्यांपैकी २७ टक्के लोकांचा आजार उलटला आणि औषध बंद करून दिखाऊ गोळी दिलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचा. फरक प्रचंड आहे, मी असते तर घेतली असती. पण उरलेले ३६ टक्के त्या वर्षात गोळीशिवाय टिकले आणि २७ टक्के गोळी घेऊनही कोसळले. आपण कोणत्या गटात, हे आधी सांगणारी रक्ताची तपासणी अजून निघालेली नाही. २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये डोस हळूहळू कमी करून पाहणारी चाचणी झाली, दोन वर्षांनी लोकांचं रोजचं जगणं सुधारेल या आशेने. सुधारलं नाही, आणि आजार उलटण्याचं प्रमाण मात्र वाढलं. त्या चाचणीच्या प्रमुख याच मॉनक्रीफ. स्वतःच्या आशेविरुद्धचा निकाल त्यांच्या गटाने छापला, याचं मला कौतुक वाटलं.

हे सगळं लिहून दादाला दाखवलं. जेवणाचा परिच्छेद त्याने दोनदा वाचला आणि "असू दे" म्हणाला. अक्षराबद्दलचं वाचून हसला. मूळ मसुद्यात मी एक वाक्य लिहिलं होतं, ‘मला गोळी सोडता आली, दादाला ती कायमच लागणार’. त्यावर त्याने कंप पावणारं बोट ठेवलं. म्हणाला, "हे तू कसं ठरवलंस?"

मी वाक्य काढलं. मग त्याने सांगितलं की डोस थोडा खाली आणता येईल का, हे तो डॉक्टरांना विचारणार आहे. लेव्हल ०.९ आहे, ०.७ वर येऊन हात जरा थांबतो का बघायचंय. माझ्या पोटात धस्स झालं. वर एवढं सगळं लिहिलेली मी, आणि तोंडून पहिलं काय निघालं? "कशाला रे, चाललंय ना नीट."

गुरुवारची अपॉइंटमेंट आहे. मी सोबत जाणार आहे, पण आत त्याने एकट्यानेच जायचं असं ठरलंय.