शिक्षणाकडे वळा म्हणे

आज एका सत्कार समारंभाला जाऊन आले. घरी येऊन चहासुद्धा ठेवलेला नाही, आधी हे लिहायला बसलेय. डोकं फिरलंय नुसतं.

दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार होता. आपल्याच समाजातल्या चार मंडळींनी पदरमोड करून भरवलेला, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती प्रमुख पाहुण्यांबद्दल. पाऊण तास बोलले, आणि सगळ्याचं सार एकच: 'मुस्लिम समाजाने आता शिक्षणाकडे वळलं पाहिजे.' समोर बसलेलं कोण? नव्वदच्या घरात मार्क पाडलेल्या पोरी आणि दिवसाची कमाई सोडून आलेले त्यांचे आईबाप. त्यांना सांगतायत, वळा! आणि वर टाळ्या.

पहिल्या रांगेत बागवानांची पोरगी बसलेली. नाव लिहीत नाही, तिला आवडायचं नाही. बापाची फळांची हातगाडी आहे. पहाटे मार्केट यार्डात सौद्याला जायचं, दिवसभर उन्हात उभं राहायचं, पहाटे व्याजाने घेतलेले पैसे रात्री व्याजासकट परत करायचे. बँक हातगाडीवाल्याला दारात उभी करत नाही, हे सांगायला मुस्लिमांची परिस्थिती तपासणारी सच्चर समिती कशाला लागते? व्याज हराम आहे म्हणणारे आणि व्याज खाणारे, दोघंही त्याच्याच गाडीवर घासाघीस करून सफरचंदं नेतात, ते वेगळंच. तर या माणसाची मुलगी बारावी सायन्स झाली, सीईटी दिली, तिला बी. फार्मसी करायचंय. आता ही आणखी कुठे वळायची राहिली, सांगा मला.

तिचं घोडं अडलंय जातीच्या दाखल्यावर.

मोर्चात घोषणा देणाऱ्या आपल्याच कितीतरी लोकांना हे माहीत नसतं, म्हणून सविस्तर लिहिते. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन हे सगळे महाराष्ट्रात ओबीसीत आहेत. फुकट मिळालेलं नाही ते. जालन्याचे शब्बीर अन्सारी त्यासाठी वर्षानुवर्षं महाराष्ट्रभर हिंडले, दिलीपकुमारसारखा माणूस त्यांच्या व्यासपीठावर गेला. जुलै 2024 पासून तर 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. म्हणजे दाखला असेल तर पोरगी फार्मासिस्ट, नसेल तर हातगाडीवर फीचा हिशोब. मधलं काही नाही.

दाखल्याला पुरावा लागतो 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. तिच्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आहे, पन्हाळ्याकडच्या एका खेड्यातला. मी स्वतः गेले होते त्या शाळेत. हेडमास्तर भला माणूस, त्याने कपाट उघडून रजिस्टर काढून दिलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, निळी शाई तपकिरी पडलेली. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, बापाचा धंदा 'फळविक्री'. आणि जातीच्या रकान्यात? 'मुसलमान'. बस्स.

अख्खं गाव ज्या घराला बागवानाचं घर म्हणतं, आडनाव बागवान, धंदा पिढ्यान्‌पिढ्या फळांचा, पण कागदावर बागवान नाही. कचेरीतला माणूस म्हणाला, मॅडम, यात जात कुठाय? मग म्हटलं, ठीक आहे, ओबीसी नाही तर ईडब्ल्यूएसचा, म्हणजे खुल्या गटातल्या गरिबांचा, दाखला द्या. तर म्हणे, तुम्ही बागवान ना, तुम्ही ओबीसीत येता, ईडब्ल्यूएस कसा देऊ? मी उभी हयात गणित शिकवलंय हो, पण हे गणित मला सुटलं नाही. एकाच टेबलावर, एकाच दुपारी, ती बागवान आहे पण आणि नाही पण.

त्या माणसावर मी चिडले खरी. पण त्याचाही नाइलाज असतो, पुढे पडताळणीत प्रकरण उलटलं तर शेकतं त्याच्यावर. एवढं मान्य. पुढे जाऊ.

तुमच्यातले काही जण आता म्हणतील, इस्लाममध्ये जातच नाही, मग कशाला हा दाखला? बरोबर आहे, कुराणात नाही. पण लेकीचं स्थळ बघताना तुम्ही काय काय विचारता ते मला ठाऊक आहे, तेव्हा मला शिकवू नका. आणि ही नोंद अशी झाली त्यात आपल्याच जाणत्यांचा हात आहे. मास्तरने विचारलं की छाती पुढे काढून सांगायचे, लिहा मुसलमान! त्यांचं समाधान झालं, नातवंडं भोगतायत.

दुसरे म्हणतील, मुस्लिमांना पाच टक्के आरक्षण दिलं असतं तर प्रश्नच मिटला असता. 2014 च्या जुलैत अध्यादेश निघाला, हायकोर्टाने नोव्हेंबरात नोकऱ्यांतलं थांबवलं पण शिक्षणातलं पाच टक्के चालेल म्हणून सांगितलं, आणि तरीही सरकारने त्याचा कायदा केला नाही. अध्यादेश मेला. राग मलाही आहे. 2022 मध्ये अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची केंद्राची शिष्यवृत्ती गेली, संशोधन करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिप गेली, त्याचाही राग आहे. पण जे हातात आहे ते तरी पदरात पडतंय का? त्यासाठी किती नेते कधी रेकॉर्ड रूमच्या बाकड्यावर बसलेत? बॅनरवर फोटो टाकायला मात्र सगळे.

आता थोडं आपल्या पोरांचंही. आजच्या सत्कारात मुलगे किती होते? दोन्ही हातांच्या बोटांतही बरीच बोटं उरतील. बाकीचे उद्यमनगरात लेथवर, गॅरेजात, सेंट्रिंगवर. दहावीनंतर हातात रोजचे चार पैसे खुळखुळले की कोण बसतंय पुस्तक घेऊन? बाप पण खूश, 'पोरगं कामाला लागलं'. हाताला हुनर असणं वाईट नाही, या शहराची अर्धी यंत्रं आपल्या मिस्त्रींनी चालती ठेवलीयत. पण आयटीआयचा कागद नाही, पीएफ नाही, बोट तुटलं तर मालक दवाखान्याच्या दारात सोडून जातो. आणि हाच बाप पोरीच्या लग्नात हॉल, बिर्याणी, सोन्याला कर्ज काढतो. फीसाठी काढ म्हटलं की खाली बघतो. हे लिहिल्यावर मला शिव्या पडणार. पडू देत.

बागवान तसा नाही, हे सांगायलाच हवं. परवा कचेरीतून बाहेर पडल्यावर जिन्यात थांबला. फाइल पोटाशी धरलेली, प्लास्टिकच्या पिशवीत, पाऊस होता. म्हणाला, "जाने दो बाई, बीएस्सी करेगी ना. वो भी तो पढाईच है." पोरगी शेजारी उभी. काही बोलली नाही, ओढणीने फाइलवरचं पाणी पुसत राहिली. काय बोलू मी? भाषण तर येत नाही मला.

मदरशाचं एकदा बोलून टाकते, कारण कमेंटमध्ये कुणीतरी आणणारच. सच्चर समितीने 2006 मध्येच सांगितलंय की शाळेत जायच्या वयाची जेमतेम चार टक्के मुस्लिम मुलं मदरशात जातात. उरलेली सगळी तुमच्या-आमच्यासारखी झेडपी, म्युन्सिपाल्टी आणि खाजगी शाळांत. आमची तर मराठी माध्यमात. पुढे बोलायचं असेल तर यावर बोला.

आणि हे सगळं कुठे चाललंय? कोल्हापुरात! ज्या गावात शाहू महाराजांनी 1902 साली मागासलेल्यांना सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा दिल्या आणि त्यात मुसलमान धरले. 1906 ला मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली, स्वतः अध्यक्ष झाले, मुस्लिम बोर्डिंग उभं केलं. महाराजांनी पोरांना 'वळा' म्हणून भाषण दिलं नाही. राहायला जागा दिली, जेवण दिलं. आज महाराजांचं नाव घेतल्याशिवाय इथे कुणाचं भाषण सुरू होत नाही आणि संपतही नाही. आजच्या पाहुण्यांनी तीनदा घेतलं.

बरं, मार्ग नाही असंही नाही. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली. गावोगावची दप्तरं उघडली, मोडी वाचणारे आणून बसवले, सापडलेल्या नोंदींवर दाखले निघाले. माझ्या कितीतरी मराठा विद्यार्थ्यांच्या घरी नोंदी सापडल्या, पेढे खाऊन आले मी. चांगलंच झालं, त्यावरून कुणी इथे वाद घालू नये. माझं म्हणणं एवढंच, की त्याच कपाटांत, त्याच वह्यांत, दोन ओळी खाली आमचे बागवान, पिंजारी, तांबोळीही लिहिलेले आहेत. शाळेच्या रजिस्टरात मास्तरने मुसलमान लिहिलं, पण गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या वहीत, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, तिथे लिहिणाऱ्याने धंद्यावरून जात लिहिलेली सापडते. फक्त ती मोडीत असते आणि शोधायला कुणी बसत नाही.

बागवानाच्या पणजोबांच्या भावाची अशी एक नोंद सापडलीय. ओळखीच्या एका मोडीवाल्या काकांनी भिंग लावून वाचली, 'बागवान' अगदी स्पष्ट आहे म्हणाले. आता त्या भावापासून या पोरीपर्यंतची वंशावळ जोडायचीय, प्रतिज्ञापत्र करायचंय, अन् तिकडे प्रवेशाच्या फेऱ्या कुणासाठी थांबत नाहीत. होईल का वेळेत? सांगता येत नाही. पहिली फेरी तर गेल्यातच जमा आहे.

तर माझं काम ऐका. ज्यांना मोडी वाचता येते आणि आठवड्यातून एखादी सकाळ देता येते, त्यांनी इनबॉक्समध्ये या, जातधर्म विचारणार नाही. ज्यांच्या घरात आठवी-नववीत मुलं आहेत त्यांनी बारावीची वाट बघू नका. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जुना सातबारा, घराचा उतारा, मूळ गाव आणि तालुका, जे सापडेल ते एका पिशवीत घालून ठेवा. वडिलांकडच्या नात्यात कुणाची जात पडताळणी झाली असेल तर त्याची प्रत आधी मागून घ्या, त्याने निम्मं काम होतं. भाऊबंदकीत भांडण असेल तर मिटवा, निदान झेरॉक्सपुरतं तरी. सोमवारी मी पुन्हा रेकॉर्ड रूमला जाणार आहे. करवीर आणि पन्हाळा तालुक्यातलं कुणाचं असेल तर रविवारी रात्रीपर्यंत कळवा.