एका अटकेवर समाधान कसं मानायचं?
कोलकात्याच्या आर. जी. कर मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टर मुलीच्या खुनात १० ऑगस्ट २०२४ ला एका सिव्हिक व्हॉलंटियरला (पोलिसांच्या मदतीला कंत्राटावर घेतलेल्या माणसाला) अटक झाली, आणि लगेच ‘त्याला लोकांच्या ताब्यात द्या’ अशी ओरड सुरू झाली. संताप मलाही आला होता, माझी लेकही रेसिडेंट डॉक्टर आहे. पण मग राजीनामा दिलेल्या प्राचार्यांना त्याच दिवशी दुसऱ्या कॉलेजात नेमणूक कशी मिळते? त्यांना रजेवर धाडायला हायकोर्ट लागलं! १४ ऑगस्टच्या रात्री बायका रस्त्यावर उतरल्या त्या उगाच नाही. पुढे त्या व्हॉलंटियरला जन्मठेप झाली, ठीक. ती मुलगी सेमिनार हॉलमध्ये का झोपली होती, हे विचारा ना. छत्तीस तासांच्या ड्यूटीत पाठ टेकायला धड खोली नव्हती. माझ्या लेकीच्या ड्यूटी रूमच्या दाराला आतून कडी नव्हती. मुली दाराला लोखंडी स्टूल लावून आळीपाळीने झोपायच्या. या खुनानंतरच्या संपाच्या वेळी मार्डच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेच्या, मुलांनी सुरक्षाच मागितली होती. कडीसाठी दिलेल्या अर्जाची झेरॉक्स लेकीच्या बॅगेत अजून आहे.